एकाच खाणीतला दगड

ओलिंदो पेल्लारिन, वय एकाहत्तर, धंदा फरशीचा.
अर्जात धंदा विचारलेला नव्हता,
त्याने तो समासात लिहिला.

पोर्देनोनेच्या इस्पितळात तळघरात माझी खोली.
माणसं माझ्याकडे येत नाहीत, त्यांचे तुकडे येतात,
मेणात बसवलेले, केसाहून पातळ कापलेले,
जांभळ्या-गुलाबी रंगात भिजून.
जानेवारीत त्याच्या जठराचे सात तुकडे आले.
निदान लिम्फोमा, संथ जातीचा.
मार्चमध्ये डाव्या डोळ्याचा एक,
तिळाएवढा,
आणि सोबत वरच्या मजल्याचा एका ओळीचा प्रश्न:
दोन आजार, की एकच?

जठराच्या भिंतीत मुळात पहारा नसतो.
आम्लच इतकं जहाल की चोराची छाती होत नाही.
पण एक पिळदार जंतू लहानपणीच शिरतो,
विहिरीच्या पाण्यातून, आईच्या चमच्यातून, कुणाला ठाऊक,
आणि त्याच्यामागे शिपाई येतात,
तात्पुरते म्हणून.
चाळीस वर्षं तात्पुरते.
राहुट्यांची गावं होतात,
गावात पोरं होतात,
आणि एखादं पोर असं निपजतं
की शत्रू गेला काय, राहिला काय,
त्याला नुसतं वाढायचंच कळतं.

मग ते निघतं. घाई नसते त्याला.
लसीकेच्या ओहोळातून शेजारच्या गाठीत,
गाठीतून रक्तात,
आणि रक्त तर सगळीकडेच जातं.
तरी हे वाटेल तिथे उतरत नाही.
यकृताच्या दारावरून बहुतेकदा पुढे जातं,
हाडाच्या पोकळीत कधीमधी डोकावतं,
आणि शोधत राहतं ओळखीची ओल:
आतड्याचं अस्तर, फुप्फुसाची नळी,
लाळेची ग्रंथी, प्लीहेची कड,
पापणीमागची मऊ जागा.
जन्मभिंतीची खूण त्याच्या अंगावर असते.
त्या खुणेला जिथे कडी सापडते, तिथे मुक्काम.

हे मला पुस्तकांनी शिकवलं होतं.
कळलं मात्र एका मंगळवारी,
सुनेला वर बसवून तो एकटाच जिना उतरून आला तेव्हा.
असं कुणी येत नाही. येऊ देतही नाहीत.
"माझं काम मला बघू द्या," म्हणाला.

उजवा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला.
बराच वेळ गप्प.
"हे गोल गोल नक्षीचं काम चांगलं आहे.
पण या बारक्या दाण्यांनी कडा खाल्ल्यात.
माझ्या हाताखालच्या पोराने असं केलं असतं
तर अख्खी खोली उखडायला लावली असती."

मग सांगत बसला, मी न विचारता:
दाढी करताना आरशात दिसलं, पापणीच्या आत
गुलाबी, जरा नारिंगीकडे झुकलेलं.
"वेरोनाचा दगड. ओला केलेला."
आणि भाऊ, पाच.
एक कोपनहेगनला, एक रोसारिओला, एक पर्थला, एक वाटेत वारला.
"बापाने कुठे जा म्हणून सांगितलं नव्हतं.
जिथे कुणी फरशी घालत होतं, तिथे उतरलो.
इतर गावं लागली की वाटेत. छान होती."

मी दोन्ही काचा शेजारी शेजारी ठेवल्या.
जठर. डोळा. जठर. डोळा.
त्याने चष्मा कपाळावर ढकलला.
"एकाच खाणीतला," म्हणाला.

जनुकांचा अहवाल नऊ दिवसांनी आला.
त्यातही तेच होतं, चार पानं लावून.

चौदा दिवसांच्या गोळ्या, जंतूसाठी.
त्यानंतर डोळ्याला थोडे किरण, कदाचित,
आणि मग वाट पाहणं.
या आजाराचं बरंचसं औषध वाट पाहणंच असतं,
हे त्याला सांगताना माझा आवाज उगाच खाली गेला.
तो म्हणाला, सिमेंट वाळायलाही वेळ लागतो,
आणि उठला.

दाराशी थांबून टाच आपटली.
पुन्हा आपटली.
"ही कुणी घातली? इथे पोकळ वाजतंय."

रोज त्यावरून जाते मी. अकरा वर्षं.
आता जरा डावीकडून जाते.